तिला विचारायचंच राहिलं

मंडळी, आज दुपारी मी भर बैठकीत उभा राहिलो आणि सगळं बदललं.

गावचं जुनं सागवानी शेतघर तुम्हाला ठाऊकच आहे; सभा, सोयरिकी तिथंच होतात. आज पातूरचे पाहुणे बैलांच्या दमणीतून आले होते, सुमनच्या सोयरिकीसाठी. सुपारी फोडण्याआधी तिच्या मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोनाचं काही म्हननं हाय का?"

"माझं हाय!" मी ओरडलो. "सुमन माझी हाय."

तिचे वडील तडकले, "कॉलेज अर्धं सोडलं, आता लगन मोडून राहिला का बे?"

माजघरातून सुमनच पुढे आली. "मले कधी इचारलं तू? फोडा मामा सुपारी."

खरंच, साऱ्या गावाला सांगितलं, तिलाच विचारलं नव्हतं. तुम्ही काय बोलला असता?

मी बाहेर पडलो आणि ते जड दार ओढून घेतलं.