लेखीसाहेबांचं पायलट बेअरिंग

लेखीसाहेबांना कोणी "नाही" म्हटलं की ते खिशातून पेन काढायचे, टोपण उघडायचे आणि पेन समोरच्यापुढे धरायचे. "लेखी द्या." एवढंच. आवाज चढायचा नाही, कपाळावर आठी नाही. रेशनच्या दुकानात "साखर संपली" असं सांगणाऱ्या माणसापुढे त्यांनी असंच पेन धरलं होतं. मी मागेच रांगेत उभा होतो. दुकानदाराने पेनाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन साखर मोजायला लागला. त्या दिवशी अख्ख्या रांगेला साखर मिळाली. नाव मात्र त्यांना चिकटलं ते टिंगलीनेच.

नाहूरला आमची सोसायटी नवी होती, तीन मजल्यांची. ते तळमजल्यावर राहायला आले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, बँकेत कारकून, आणि अक्षर चांगलं म्हणून कमिटीत जॉइंट सेक्रेटरी. सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. वहिनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. दहा वर्षांची मुलगी, सुजाता. पहिल्याच दिवशी सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, "कुठले तुम्ही?" ते म्हणाले, "नगरकडचे." मग आडनाव विचारलं. ते त्यांनी सांगितलं, आणि कोणी न विचारता पुढचंही सांगितलं, "बौद्ध आहोत आम्ही. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, या बघायला." सेक्रेटरी गेले नाहीत. आम्हीही बरेच दिवस गेलो नाही.

उघड कोणी काही बोलत नसे. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं तळमजल्यावरच्या त्या एका दारापुढून निघून जायचं. गणपतीत आरतीला बोलवायचे नाहीत, प्रसाद तेवढा दारात नेऊन द्यायचे. एका वर्षी तो द्यायला मी गेलो. त्यांनी द्रोण हातात घेतला आणि म्हणाले, "परब, प्रसाद घरपोच येतो, बोलावणं का येत नाही? ते तोंडी दिलं तरी चालेल मला." मी हसलो. ते हसले नाहीत.

मग त्यांनी गाडी घेतली, जुनी, राखाडी रंगाची. आमच्या सोसायटीत तेव्हा गाड्या दोनच, आणि दुसरी सेक्रेटरींच्या भाच्याची होती. ती टायर बसून वर्षभर कुंपणाला टेकलेली. लेखीसाहेब रविवारी सकाळी बादली घेऊन गाडी धुवायचे. एकदा तिसऱ्या मजल्यावर आलेल्या पाहुण्याने त्यांना विचारलं, "कुठल्या साहेबांची गाडी रे ही?" लेखीसाहेबांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, "माझी. आणि अहो म्हणा."

गाडीची बारीकसारीक कामं ते स्वतःच करायचे. त्यांचे वडील दौंडला रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मेकॅनिकच्या हाताखालचे मजूर होते. लेखीसाहेब म्हणायचे, "आमच्या बापाला हत्यारं उचलून द्यायची परवानगी होती, चालवायची नव्हती. तरी ते बघून बघून शिकले." ते सांगताना त्यांच्या आवाजात दुःख नसायचं. बापाने कुणाची तरी फजिती केली असावी, अशा थाटात सांगायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर गाडी किंचाळायला लागली. क्लच दाबला की चीं करून आवाज, आणि गियर पडता पडेना. मुलुंडच्या गॅरेजवाल्याने निदान केलं: पायलट बेअरिंग गेलंय. गियरबॉक्सच्या दांड्याचं टोक इंजिनामागे एका भोकात फिरतं, त्या भोकात बसवलेलं हे छोटं बेअरिंग. वस्तू रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पण तिच्यापर्यंत पोचायला सगळा गियरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या महिन्यात आणा. गाडी आवारात उभी राहिली.

चौथ्याच दिवशी कमिटीची बैठक झाली. बंद गाड्यांमुळे आवाराची शोभा जाते, असं सेक्रेटरी म्हणाले. ठराव झाला: येत्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर चालवून दाखवावी, नाहीतर आवाराबाहेर काढण्यात येईल. "त्यांना लेखी लागतं ना, लेखीच देऊ," सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे हसले. भाच्याच्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही काढलं. नोटीस मी लिहिली, मीच नेऊन दिली.

त्यांनी ती दारात उभ्याने वाचली. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं, परब."

शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून ते आले आणि कामाला लागले. पुढून गाडी जॅकने उचलून खाली लाकडाचे जाडजूड ठोकळे ठेवले. बाजूला एक इंग्रजी पुस्तक उघडं, त्यात पेन्सिलीच्या खुणा. कचेरीतला एक शिपाई मदतीला आला होता. संध्याकाळपर्यंत दोघांनी गियरबॉक्स खाली घेतला, क्लचही सोडवला. गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती, सर्कस बघावी तशी.

रविवारी शिपाई आला नाही, आणि बेअरिंग निघेना. सकाळपासून लेखीसाहेब एकटेच खाली झोपून होते. आकड्याने ओढून पाहिलं, आकडा वाकला. छिन्नीने ठोकून पाहिलं, कडेचा तुकडा उडाला. मग त्यांनी वडिलांची युक्ती काढली. बेअरिंगच्या मधल्या भोकातून मागच्या पोकळीत ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट बसेल अशी लोखंडी दांडी घालायची आणि हातोडा मारायचा. ग्रीसला मागे जायला जागा नसते, म्हणून ते बेअरिंगला पुढे ढकलतं. दांडी त्यांनी भांडुपच्या एका टर्नरकडून मापात करून आणली होती. पण झिजलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून ग्रीस बाहेर यायचं. प्रत्येक घावाला त्यांच्या तोंडावर काळा शिंतोडा. वरून सेक्रेटरी म्हणाले, "काय हो, बेअरिंगकडून पण लेखी मागा की." दोनतीन गॅलऱ्या हसल्या.

माझी आई भाजी निवडत बसली होती. मालवणची बाई, गाडीतलं काही कळत नव्हतं तिला, पण हसण्याचा आवाज कळला. "तो माणूस सकाळपासून एकटोच असा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझे हात काय मोडले काय रे?"

मी खाली गेलो. वाकून विचारलं, "साहेब, काय करू?"

ते बाहेर आले. चेहरा काळा, डोळे तेवढे पांढरे. मला नीट न्याहाळून म्हणाले, "ग्रीस निसटतंय. वडील म्हणायचे, ग्रीसने नाही जमलं तर ओला कागद. कागद फटीतून निसटत नाही. रद्दी आहे?"

मला एकदम सुचलं ते मी बोलून गेलो. "ती नोटीसच घाला ना त्यात."

"नाही," ते म्हणाले. "ती फाईलला लावलीय. सुजाता मोठी झाली की तिला वाचायला देणार आहे. तुम्ही वर्तमानपत्रं आणा."

मी जिना चढलो, रद्दीचा गठ्ठा उचलला आणि सेक्रेटरींच्या दारावरून खाली आलो. ते दारातच उभे होते. "परब, तू पण?" मी थांबलो नाही. खरं सांगतो, धैर्याने नव्हे. थांबलो असतो तर परत वर गेलो असतो.

वहिनींनी बादलीत कागद भिजवले. सुजाता आणि मी त्याचे लहान लहान बोळे करून द्यायला लागलो. ते बोळे भोकात कोंबत, दांडी घालत, हातोडा मारत. पुन्हा बोळे, पुन्हा हातोडा. वीस घावांपर्यंत काहीच झालं नाही. पुढे मी मोजायचं सोडलं. दांडी आत जाताना जड लागायला लागली, तसा त्यांचा चेहरा बदलला. "येतंय," ते म्हणाले. आणखी दोन घाव, आणि एक केसाएवढी कड पुढे आली. मग मात्र ते हळूहळू सरकत राहिलं आणि अखेर त्यांच्या तळहातावर पडलं, गंजलेलं, कागदाचा लगदा चिकटलेलं. त्यांनी ते वहिनींच्या हातात दिलं. वहिनी गॅलऱ्यांकडे बघत ते पदराला पुसत राहिल्या.

पोकळी साफ करून आधीच आणून ठेवलेलं नवं बेअरिंग बसवलं. ते फक्त बाहेरच्या कड्यावरच ठोकायचं असतं, आतल्या कड्यावर घाव पडला की नवं असूनही वाया जातं. मग क्लच, मग गियरबॉक्स वर चढवणं. गियरबॉक्स एकट्याने चढत नाही, म्हणून मीही खाली शिरलो, दिवाळीत शिवलेल्या शर्टासकट. दोघं पाठीवर पडून ते धूड छातीवर पेलत होतो, आणि टोक बेअरिंगमध्ये शिरत नव्हतं. त्या अवस्थेत मी म्हणालो, "साहेब, ती नोटीस मी लिहायला नको होती."

"नकोच होती," ते म्हणाले. "आता वरचा बोल्ट धरा."

मी धरला. त्यांनी दांडा जरासा फिरवला आणि गियरबॉक्स खट्‌कन आत बसला.

साडेपाचला गाडी सुरू झाली. क्लच दाबला, आवाज नाही. पहिला गियर मुकाट पडला. त्यांनी आवारात तीन फेऱ्या मारल्या, शेजारी वहिनी, मागे सुजाता. मग गाडी सेक्रेटरींच्या गॅलरीखाली उभी करून ते उतरले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "गाडी चालली, हे लेखी द्या."

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे अक्षर काही चांगलं आलं नाही. घरून सोसायटीचा शिक्का आणून मारला. सेक्रेटरी वरून म्हणाले, "मला न विचारता?" मी म्हणालो, "गाडी चालतेय, ते तुम्हालाही दिसलं."

दुसऱ्या दिवशी लेखीसाहेबांचा कमिटीला अर्ज आला: बंद गाड्यांचा ठराव दुसऱ्या गाडीलाही लागू करावा. बैठकीत तो मी वाचून दाखवला, शब्द न गाळता. आठ दिवसांत भाच्याची गाडी भंगारवाल्याने ओढून नेली.

तीनेक वर्षांनी त्यांची नागपूरला बढतीवर बदली झाली. ट्रक पुढे गेला, तिघं त्याच गाडीने निघाले. निरोपाला आईने त्यांना आमच्या घरी जेवायला बोलावलं होतं, माशाचं कालवण आणि सोलकढी. जाताना लेखीसाहेब आईला म्हणाले, "आई, या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पानावर बसून जेवलो तो आज पहिल्यांदा." आई म्हणाली, "माका कळूक उशीर झालो, बाबा." गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सुजाताचं पत्र आलं, तेव्हा कळलं.

ते नागपूरला गेल्यानंतर दुसऱ्या मजल्यावरची एक जागा विकायला निघाली. एक तरुण जोडपं ती घ्यायला आलं. आडनाव वाचून सेक्रेटरींनी अर्ज बाजूला सारला आणि मला म्हणाले, "जागा गेली म्हणून कळव." मी विचारलं, "कोणाला गेली?" सेक्रेटरींनी पुढचा अर्ज काढला. मी कमिटीचा राजीनामा त्याच बैठकीत दिला, आणि दुसऱ्या दिवशी भांडुपला त्या जोडप्याच्या खोलीवर जाऊन सांगितलं की जागा अजून रिकामी आहे, आणि तक्रार कुठे करायची तेही सांगितलं. त्यांना सहा महिने हेलपाटे घालावे लागले.

अखेर जागा मिळून ते दोघं राहायला आले त्या सकाळी मी खाली गेलो. लोखंडी कपाट होतं, चांगलंच जड. मदतीला आणखी कोणी आलं नाही. नवरा पुढे, मी मागे, आणि त्याची बायको मधे खांदा लावून. जिन्यातली सगळी दारं उघडी होती आणि दारांत माणसं उभी होती. आम्ही कपाट कुठेही न टेकवता वर नेलं.