रपट्यासमोर उभ्या राहिलेल्या मॅडम

आमच्या मॅडमना पाण्याची विलक्षण भीती. आणि अभ्यासाचा विषय कोणता, तर चंद्रपूर-गडचिरोलीतले रस्ते, पूल आणि त्यांचा कारभार. नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल, म्हणजे रपटा, आला की त्या चपला हातात घेत, माझं मनगट करकचून धरत आणि पायी पलीकडे जात. मी त्यांची विद्यार्थिनी. संध्याकाळी मनगटावर वळ दिसायचे.

गावात "सोयी कोणत्या आहेत?" हा छापील प्रश्न त्या विचारतच नसत. त्या स्वतः सावली तालुक्यातल्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या; सरळ विचारायच्या, "बाई, जातायेता कुठी भेव वाटते?" मग बाया बोलू लागत. मला म्हणायच्या, "पुण्या-मुंबईच्या पुस्तकात आपला नाला नाई, पोरी. तो आपल्यालेच लिहा लागते."

एका ऑगस्टमध्ये मुलचेऱ्याहून चामोर्शीला येताना आमची एसटी रपट्याशी थांबली. वरून गढूळ पाणी वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "रोजचंच हाय, काढतो." मॅडम उतरल्या आणि थेट बससमोर उभ्या राहिल्या.

"मले भेव वाटून राह्यला, भाऊ. गाडी जाणार नाई."

तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन एक आई खाली आली. "दवाखाना तिकडं हाय. याले काई झालं तं तुम्ही आणून देसान का?"

मॅडमनी कार्यालयांना फोन लावले. एका कार्यालयानं रपटा दुसऱ्याचा सांगितला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तेवढ्यात पाण्याचा आवाज बदलला. सागाचं अख्खं खोड वाहत आलं, रपट्यावर आदळलं आणि मधला भाग आमच्यादेखत खचला.

ड्रायव्हरनं बस मागे घेतली. मागच्याच गावात आरोग्य उपकेंद्र होतं. सिस्टरनं लेकराला औषध दिलं, अंग पुसून काढलं. मॅडम बाहेर पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या,

"पाणी वाढलं म्हणून मी शहाणी ठरली. नसतं वाढलं, अन् लेकरू गेलं असतं तं?"

दुपारी ताप उतरला. आई बाहेर आली. "तुमचा राग अजून हाय मले," म्हणाली, आणि ओला पदर पिळायला म्हणून लेकरू मॅडमच्या मांडीवर दिलं.

मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली. आता विद्यार्थ्यांना घेऊन मी हिंडते. गाडी थांबवा, असं सांगायची वेळ आली की आधी मागे वळून बघते, कोणाच्या मांडीवर कोण आहे. तरी सांगते.