पूजेला बसलेला मीटर

मागच्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मेहुण्याला जी कॉइल करून दिली, ती मी मोजली नव्हती. त्यानं विचारलं होतं, "मोजलीत ना, दाजी?" मी म्हणालो, "हो." एवढंच. हे इतकी वर्षं पोटात ठेवायला फार कष्ट पडले असंही नाही. कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी कारण दुसरीकडे शोधलं, आणि मी ते शोधू दिलं.

कॉइल म्हणजे व्हेपच्या, त्या ई-सिगरेटच्या, आतली तापणारी तार. बारीक दांडीवर तारेचे वेढे घ्यायचे, त्या पोकळीतून कापूस ओवायचा आणि कापसाला गोडसर वासाचं ते पाणी पाजायचं. बटण दाबलं की तार तापते आणि वाफ होते. दुकानात तयार मिळते. पण सिगरेट सोडल्यावर हात किती रिकामे पडतात हे आधी कुणी सांगत नाही. माझे पडले. म्हणून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसून मी कॉइल वळायला शिकलो. कापूस बायकोच्या देवाच्या वातींचाच असायचा. आई वाती वळायची तेव्हा शेजारी बसून जे पाहिलं होतं, ते इथं लंडनमध्ये, हॅरोच्या शेडमध्ये असं कामाला आलं.

मोजायचं काय, तर तारेचा ओम, म्हणजे तिचा विद्युतरोध. वेढे कमी पडले की ओम कमी भरतो, आणि ओम कमी भरला की बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो. बऱ्याच मशीनमध्ये तो अडवायला चिप असते. मेहुण्याचं मशीन म्हणजे पितळेची नळी होती. वर कॉइल, खाली बॅटरी, मध्ये अडवणारं कुणी नाही. अशा नळीवर कॉइल चढवण्याआधी ती छोट्या मीटरवर ठेवून आकडा बघायचा, हा पहिला नियम. माझी नोकरीसुद्धा तपासणीची आहे. भाड्याच्या घरांचं वायरिंग मी तपासतो. मीटर लावल्याशिवाय मी कुठल्याच घराला बरं म्हटलेलं नाही.

रविवारी मेहुण्याचा एडिनबराहून व्हिडिओ कॉल आला. बायकोचा हा धाकटा भाऊ तिथं एका फायनान्स कंपनीत आहे. त्या दसऱ्यानंतर त्यानं व्हेप सोडलं, परत सिगरेट धरली, मग ते वापरून फेकायचे रंगीत व्हेप. त्यांच्यावर बंदी आली तेव्हा त्यानं ठरवलं की आता आपणच कॉइल करायची.

"दाजी, कार्ट उघडलंय. तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. हे किट घेऊ? चेनच्या पाऊचमध्ये सगळं मिळतंय."

"त्यातलं निम्मं तू कधी वापरणार नाहीस. सुटं घे."

"ताईसारखं बोलू नका. बरं, चिमटा?"

"सिरॅमिकच्या टोकाचा. तार तापवून दाबावी लागते, तेव्हा स्टीलचा लावलास तर शॉर्ट होईल."

"कटर?"

"सपाट कापणारा. टोक जरा जरी वर राहिलं तरी झाकणाला लागतं. आणि वेढे घ्यायला दांडीचा सेट घे, स्क्रू-ड्रायव्हरवर वळत बसू नकोस."

"तुम्ही नाही का वळायचात?"

"वळायचो."

हे सगळं चालू असताना मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. कुणाला काहीतरी नीट निवडून देतोय असं वाटत होतं. मग तो म्हणाला, "हा ओम मीटर मात्र काढतोय हं."

"का?"

"काय उपयोग? तुम्ही तेव्हा मोजून दिली होती की! तरी व्हायचं ते झालंच. मीटर काय करणार, बॅटरी फडतूस असेल तर?"

तो हे सहज बोलला. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की मीटरवरचाच उडाला होता.

तो दसरा सांगायला हवा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, म्हणजे बायको करते. टीव्हीखालच्या कपाटावर लाल कापड, त्यावर तिचा कंपास बॉक्स, कारण ती शाळेत गणित शिकवते. लॅपटॉप, मोठी सुरी, माझा कामाचा टेस्टर, गाडीची किल्ली. त्या वर्षी माझी सिगरेट पूर्ण सुटली होती. बायको सकाळी शेडमध्ये गेली आणि माझा तो छोटा ओम मीटर घेऊन आली.

"हा पण बसू दे पूजेला. यानं तुझी सिगरेट सोडवलीय."

मीटरला हळदकुंकू लागलं. वर झेंडूचं फूल. मग तिनं नेहमीसारखं बजावलं, "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मेहुणा रजा काढून आला होता. श्रीखंड-पुरी झाली, आपटा इथं कुठला मिळायला, म्हणून बागेतल्याच झुडपाची पानं सोनं म्हणून वाटून झाली. दुपारी तो आपली नळी घेऊन माझ्यापाशी आला.

"दाजी, कॉइल जळाली. करून द्या ना एक."

"आज हत्यारं पूजेत आहेत."

"सगळी? मग कॉइलवाले म्हणून तुमचं एवढं नाव, ते काय उपयोगाचं!"

तो हसला, बायकोही हसली. मी शेडमध्ये गेलो. खणात जुना कटर होता, स्क्रू-ड्रायव्हर होता, तार होती. मीटर एकच होता, आणि तो फुलाखाली होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीवर वेढे घेतले. तारेची रीळ नेहमीची नव्हती, जरा जाड होती. हे बोटांना कळलं होतं. हेही सांगून टाकतो, कळलं होतं. जाड तारेला वेढे जास्त लागतात. मी नेहमीइतकेच घेतले आणि अंदाज बरोबर असेल असं धरून चाललो.

मागच्या दारच्या पॅटिओवर उभं राहून त्यानं नळी उजव्या हातात धरली आणि विचारलं, "मोजलीत ना, दाजी?"

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यानं बटण दाबून धरलं, वाफ आली, तो "वा!" म्हणाला. परत दाबलं. मग सूं असा आवाज, धूर, आणि त्याचा ओरडा. बॅटरीनं आतला गॅस सोडला होता आणि तापलेली नळी त्याच्या मुठीत होती. ॲम्ब्युलन्स आली. तळहात आणि दोन बोटं भाजली. हात बरा झाला, पण ती दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. मराठी मंडळाच्या कॅरम स्पर्धेत तो दरवर्षी फायनलला असायचा. आता डाव्या हातानं खेळतो आणि पहिल्याच फेरीत हसत हसत उठतो.

हॉस्पिटलमधून आल्यावर बायकोनं पॅटिओ झाडला. बॅटरीवरचं प्लॅस्टिक फाटलेलं दिसलं. आधीचं फाटलं होतं की तेव्हा फाटलं, कोण सांगणार? पण तिला कारण सापडलं. "बाजारातली स्वस्तातली बॅटरी आणलीस ना? तुझं कशातच लक्ष नसतं." मेहुणा पट्टीतला हात छातीशी धरून म्हणाला, "हो गं, माझंच चुकलं. दाजींनी तर मोजून दिली होती." मी चहा टाकायला उठलो.

रविवारी स्क्रीनवर तोच हात माउसवर होता. दोन बोटं जरा वर राहिलेली.

"मीटर काढू नकोस," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"मी मोजली नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी. मोजली नव्हती. तार जाड होती, तेही मला कळलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

त्यानं माउसवरचा हात उचलून खाली घेतला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा.

"मीटर तर तिथंच होता," शेवटी तो म्हणाला. "टीव्हीखाली. मी बघितला होता."

"पूजेत होता."

"मग उचलायचा! देव काय मारणार होता का तुम्हाला?"

"नाही."

"मला म्हणायचं, उद्या देतो. मी काय मरत होतो का एका कॉइलवाचून?"

"नाही."

"ताईला माहितीये?"

"नाही."

"ती अजून ऐकवते मला, दाजी. प्रत्येक फोनला. मागच्या दिवाळीला पणतीत तेल घालू दिलं नाही. म्हणे, तुझ्या हातात आगीचं काम नको. मी ऐकून घेतो, कारण मलाही तेच वाटायचं. तुम्ही सांगा तिला. मी सांगणार नाही. माझ्याकडून तिला कळता कामा नये."

"सांगतो."

मला वाटलं, आता फोन ठेवेल. पण त्यानं नाक ओढलं आणि विचारलं, "कुठला घेऊ मीटर?"

मी सांगितला. नळी नको, चिपवालं मशीन घे, म्हटलं. तरीही प्रत्येक कॉइल मीटरवर ठेवूनच चढव. त्यानं सगळं कार्टमध्ये टाकलं. मग "ठेवतो" न म्हणता कॉल बंद केला. तो असं कधी करत नाही.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "झालं का रे बोलून? बॅटरी तरी नीट घे म्हणावं यावेळी."

"सांगितलंय," मी म्हणालो. त्या दिवशीच्या "हो"सारखंच तोंडातून आलं, तितकंच सहज.

तिला न सांगण्यासाठी मी एक चांगलं कारण बाळगून होतो. सांगितलं तर तिला वाटेल, आपण मीटर पूजेला बसवला म्हणून भावाचा हात गेला. तिला हे लागू नये म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला समजावत आलो. पण त्या दुपारी मी नुसतं विचारलं असतं, तर तिनं स्वतः फूल बाजूला केलं असतं, मीटरला नमस्कार केला असता आणि काढून माझ्या हातात दिला असता. तिची पूजा इतकी कडक कधीच नव्हती. मी विचारलंच नाही. मेहुणा हसला होता, आणि मला दाखवायचं होतं की माझ्या हाताला मीटर लागत नाही. कारण एवढंच होतं.

दसरा आता जवळ आला आहे. काल तिनं लाल कापड धुऊन दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "तुझी हत्यारं काढून ठेव, शेवटच्या दिवशी शोधाशोध नको." मी मीटर काढला. त्याच्या कडेच्या फटीत जुन्या कुंकवाचा लाल रंग अजून आहे. पुसून तो कपाटावर ठेवला.

मेहुण्याला सांगून झालं, तरी माझ्या वाट्याची बोलणी तो अजून खातो आहे. ती कॉइल मी मोजली नव्हती आणि तिच्या भावाची काही चूक नव्हती, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. एवढं मी तिचं आणि त्याचं देणं लागतो.