मामांची जपानी मासिकं आणि माझा घोटा

इंग्रज गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नळदुर्गातली माणसं एकेक करून हद्द ओलांडून सोलापूरकडे निघून जायला लागली. निजामाच्या राज्याचं काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. वडील आधीच सोलापुरात जागा बघायला गेले होते. आई, मी आणि मामा मागं राहिलो होतो. बोचकी बांधून झाली आणि नेमकी मी किल्ल्याच्या उतारावर पाय मुरगळून पडले.

घोटा बघता बघता सुजला. शेजारची बाई चोळून द्यायला बसली, तिला मामांनी थांबवलं. मामा लढाईत सिंगापूरला पकडले गेले होते आणि कैदेत असताना जपान्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करत होते. एका हातानं नडगी दाबून त्यांनी माझी टाच हळूच पुढं ओढून पाहिली.

"बाहेरच्या अंगाला तीन बंध असत्यात," ते म्हणाले. "हाडाला हाड धरून ठेवायला. पुढचा नाजूक, तो तुटलाय. त्याच्या मागचा टाचेकडं जातो, तो शाबूत हाय. तिसरा पार मागं, त्योबी शाबूत. आतल्या अंगाचा पंख्यासारखा, लई दणकट. त्याला काय झालं न्हाय."

कधी चालेल, असं आईनं विचारलं. मामा जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी घोटा बांधू लागले.

मला पडून राहवेना. रस्त्यावर गाडी वाजली की कोण चाललं ते बघायला मी उठू बघे. मग मामांनी ट्रंकेतून दोन जपानी मासिकं काढली. एक लढाईच्या आधीचं, एक ऐन लढाईतलं. जुन्यात हपिसात काम करणाऱ्या पोरीची गोष्ट होती. प्रत्येक अवघड अक्षराशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला, त्यावरच मामा वाचायला शिकले होते. ती पोरगी साहेबाशी बोलताना 'मी'साठी एक शब्द वापरायची, मैत्रिणीशी बोलताना दुसरा. मधूनच इंग्रजी शब्द टाकायची. मामा ते आमच्या बोलीत सांगायचे.

दुसऱ्या मासिकात ती बारीक अक्षरं गाळलेली होती. मामा अडखळायचे. शत्रूची भाषा म्हणून इंग्रजी शब्दही हुडकून काढून टाकले होते.

"लढाई आली अन् गोष्टीतल्या पोरी हुकूम दिल्यागत बोलायला लागल्या," ते म्हणाले.

ते ऐकून मला माझ्याच बोलण्याचा विचार पडला. मी मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकले होते, घरी 'म्या' म्हणत होते, आणि सोलापुरात कसं बोलायचं याची मला आतून धास्ती होती.

सूज उतरायच्या आतच आई म्हणाली, आता निघायचं. हद्दीजवळ निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आम्हाला गाडीतून उतरवलं. सामान उपसताना शिपायाच्या हाती ते जुनं मासिक लागलं. ही कसली लिपी, कुणाचा निरोप आहे, असं तो विचारू लागला. मामांनी खरं ते सांगितलं. त्याला पटलं नाही. वाचून दाखवा, म्हणाला.

मामा उन्हात उभे राहून जपानी वाचत होते आणि उर्दूत अर्थ सांगत होते. मी गाडीचं चाक धरून उभी होते. बाहेरच्या अंगानं कळ गुडघ्यापर्यंत चढत होती. खाली बसले तर काही लपवतेय अशी शंका येईल म्हणून बसले नाही. शिपाई मात्र हळूहळू ऐकायला लागला. साहेबानं त्या पोरीला कामावरून काढलं, तिथं मामा थांबले.

"फिर?" त्यानं विचारलं.

पुढचा भाग पुढच्या अंकात होता, तो आपल्याकडं नाही, असं मामांनी सांगितलं. तो थोडा वेळ चित्रं बघत राहिला. मग मासिक बगलेत मारून त्यानं हातानंच जायची खूण केली. मला गाडीत चढता येईना. मामांनी उचलून ठेवलं.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. आई-वडील लगेच नळदुर्गाला परतले, मामा दवाखान्यात काम शोधायला मुंबईला गेले. मी सोलापुरातच राहून मुलींच्या शाळेत शिकवू लागले. परीक्षेला मी 'इम्तिहान' म्हणायची आणि वर्ग हसायचा. घरी आल्यावर मी लंगडत खोलीत फेऱ्या मारायची आणि 'परीक्षा, परीक्षा' असं घोकत राहायची.