पंचावन्नाव्या स्तोत्राचा अर्थ

रामहरी उमाप जन्मभर अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले, पण मागवाला म्हणून त्यांना सोलापुरात कुणी ओळखत नाही. रेल्वे लाईन्सच्या मागच्या ख्रिस्ती वस्तीत जाऊन 'स्तोत्रवाले आप्पा कुठं राहतात' म्हणून विचारलं, की मांजरसुद्धा घर दाखवील. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांत ते आपल्या परड्यात हिंडल्यासारखे हिंडतात. कोणतंही सांगा, तोंडपाठ. कुणाचं ते विचारा, त्याचंही उत्तर तयार.

फक्त विचारताना घरी काही काम नाही याची खात्री करून घ्यावी. कारण एकदा आप्पा सुरू झाले, की चहा गार होतो, त्यावर साय धरते, तरी सुटका नाही. निम्मी स्तोत्रं दावीद राजाच्या नावावर, काही आसाफाची, काही कोरहाच्या मुलांची, एक मोशेचं, एकदोन शलमोनाची, आणि बाकीची अनाथ, म्हणजे ज्यांच्या माथ्यावर कुणाचंच नाव नाही अशी. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या पाळकांनी सहज म्हटलं, की दाविदाच्या नावावरची सगळीच त्याची असतील असं नाही, मागाहूनच्या लोकांनी रचून त्याच्या नावावर घातली असतील. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "मंग काय शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लिवली व्हय?" असं त्यांनी भर मंडळीत विचारलं. पाळक पाहुणे होते, ते नुसते हसले.

पण लेखक कोण, हा आप्पांच्या लेखी पहिलीचा धडा. त्यांचा खरा अभिमान शेवटच्या प्रश्नाचा: यात ख्रिस्त कुठं आहे? दावीद म्हणजे नारळाची करवंटी, खोबरं ख्रिस्त, असं ते म्हणत. बाविसाव्या स्तोत्रातला टाकून दिलेला माणूस, ज्याच्या कपड्यांवर लोक चिठ्ठ्या टाकतात, तो कोण? एकशेदहाव्यातला देवाच्या उजव्या हाताला बसलेला राजा कोण? दावीद हजार वर्षं आधी रडला, ते कुणाचं रडणं होतं? मशीहाचं! हे सांगताना आप्पांची भाषाच बदलायची. एरवी 'हाय-न्हाय' बोलणारा माणूस एकदम 'आहे, होय, तद्वत' असं बोलायला लागायचा, जणू आतल्या खोलीत जाऊन कोट घालून आला.

या कोटाचा जाच वस्तीनं पुष्कळ सोसला. दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असे. एक स्तोत्र वाचायचं, मग ज्याला त्यातलं काही लागलं असेल त्यानं उठून साक्ष द्यायची, ही रीत. शेजारच्या गिरिजाबाईंचा मुलगा दारू पिऊन घरातली भांडी विकायचा. एका बुधवारी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझे डोळे रडून रडून पार गेले, असं हितं लिवलंय. माझंच लिवलंय की हे!" आप्पांनी मान हलवली. "बाई, हे आपले नव्हे. हे दाविदाचे, आणि दाविदाच्या मुखाने ख्रिस्ताचे आहे." गिरिजाबाई खाली बसल्या. त्यानंतर त्या प्रार्थनेला यायच्या, सतरंजी अंथरायच्या, चहाचे कप धुवायच्या, पण साक्षीला काही उठल्या नाहीत.

आप्पांना एकच मुलगी, सुवार्ता. या मुलीपुढे मात्र त्यांचा कोट गळून पडायचा. घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी स्तोत्र वाचायचं, आणि आज कोणतं ते सुवार्तानं ठरवायचं. लहानपणीच तिनं त्यातली गंमत हेरली. गणितात नापास झाली की ती मुकाट्यानं पश्चात्तापाचं स्तोत्र काढायची. आप्पा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "किती मार्क पडले गं?" सहलीला जायचं असलं की डोंगर, समुद्र, आनंदानं टाळ्या वाजवणाऱ्या नद्या. आप्पा हसायचे, "कुटं जायाचंय?" आई राजाबाई कपाळावर हात मारायची. बापलेकीची ही भाषाच होती म्हणा ना, बापाला तोंडावर सांगायला जे धजत नाही, ते स्तोत्र काढून सांगायचं. आणि बाप न चुकता ओळखायचा, हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो.

लग्न ठरलं ते श्रीपूरच्या शमुवेलशी. साखर कारखान्यात कायम नोकरी, राहायला क्वार्टर, गळा गोड, पेटीवर बोटं फिरायची. वडील तिकडच्या चर्चचे पंच. आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागावरच्या माणसाला पंचाचा व्याही मिळाला! पुढची दोन वर्षं जो भेटेल त्याला आप्पा सांगायचे, "जावई आमचा पेटीवर बसला का सगळी मंडळी डोळं पुसती." लोक तरी काय करणार, माना डोलवायचे.

मग एका एप्रिलात, चर्चमध्ये दुःखसहनाच्या सप्ताहाची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्याची, तयारी चालली असताना, सुवार्ता अचानक एकटी आली. हातात एक पिशवी. सोलापूरचं ऊन तेव्हा डोकं फोडत होतं आणि मुलीनं मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. तिला पाचवा महिना चालू होता.

"जावईबापू न्हाय आले?" आप्पांनी विचारलं.

"सीझन संपत आलाय, कामं हायेत," ती म्हणाली.

तिनं बापाला पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा बाही वर सरकली. कोपराखाली चार बोटं उमटली होती, काळीनिळी. आप्पांनी पाहिलं. पाहिलं नाही असं ते आजतागायत म्हणत आले आहेत, पण पाहिलं. त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि व्याह्यांची तब्येत विचारली.

संध्याकाळी सुवार्तानं पंचावन्नावं स्तोत्र काढलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यातला माणूस म्हणतो, की वैऱ्यानं छळलं असतं तर मी सोसलं असतं, पण हा तर माझा जिवाभावाचा, याच्याबरोबर मी देवाच्या घरी जोडीनं जात होतो. त्याचं बोलणं लोण्यासारखं, आणि मनात लढाई. सुवार्ता सावकाश वाचत होती. लोण्याच्या ओळीपाशी तिचा आवाज थांबला. तिनं मान वर करून बापाकडे पाहिलं, लहानपणी पाहायची तसं.

चुलीपाशी राजाबाईंनी भाकरी थापायची थांबवली.

आणि आप्पांनी कोट घातला. "हे स्तोत्र दाविदाचे आहे," ते म्हणाले. "त्याचा सल्लागार अहिथोफेल फितूर झाला, त्या प्रसंगाचे. परंतु खरा अर्थ पुढे आहे. एकाच ताटात जेवणारा, चुंबन घेऊन धरून देणारा तो कोण? यहूदा! तेव्हा हे दुःख कोणाचे? ख्रिस्ताचे."

"आप्पा," सुवार्ता म्हणाली, "देवाच्या घरी ज्याच्या जोडीनं जायाचं, त्योच आसा निगाला, तर माणसानं काय करायचं?"

"आपला भार परमेश्वरावर टाकावा. तेथेच लिहिले आहे."

"हितं असं बी लिवलंय, का मला पंख असते तर मी लांब उडून गेलो असतो."

"ते रूपक आहे," आप्पा म्हणाले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारा श्रीपूरला होता. तोंड दाबणारा इथं, चष्मा लावून, बोटानं ओळ दाखवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं बाविसावं काढलं. माझ्या देवा, तू मला का टाकलंस, असं विचारणारं. पहिली ओळ वाचून होते न होते तोच तिला हुंदका फुटला. या वेळी तरी आप्पांनी पुस्तक बाजूला ठेवायला काय हरकत होती? नाही ठेवलं. आवाज मऊ करून म्हणाले, "बाळ, हे आपण आपल्यासाठी म्हणायचे नसते. हे क्रुसावरचे शब्द आहेत."

सुवार्तानं डोळे पुसले. "येशूनं क्रुसावर दाविदाचं म्हटलं, तवा त्याला कुणी सांगितलं न्हाय, का हे तुझं नव्हं म्हणून," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

राजाबाईंनी मात्र नवऱ्याला सोडलं नाही. पोरगी झोपायला गेल्यावर त्या समोर येऊन बसल्या. "अवो, दाविदाला कुणीतरी छळलं, तवाच त्यो रडला की. आदी त्याचं दुखलं, मग देवाचं झालं. आन् तुमी पोरीचं दुखणंच काढून घ्याया लागलाय. हात बघितला का तिचा?"

"संसारात भांड्याला भांडं लागतंय."

"भांडं हाय व्हय ती?"

"राजे, त्यो पंचाचा मुलगा हाय," आप्पा म्हणाले. "उद्या बोभाटा झाला तर मंडळीत उभं ऱ्हायाला जागा न्हाय ऱ्हायाची. कुठल्या तोंडानं स्तोत्र सांगू मी?"

घ्या. सगळ्या अर्थाचा अर्थ हा होता. दावीद नाही, यहूदा नाही, मशीहासुद्धा नाही; रामहरी उमापांची बुधवारची खुर्ची.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, शमुवेल आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. चर्चमध्ये पेटीवर बसला आणि खरोखरच लोकांनी डोळे पुसले. दुपारी जेवताना त्यानं सासूच्या शेंगाचटणीचं तोंड भरून कौतुक केलं. बोलणं लोण्यासारखंच होतं. सुवार्ता वाढत होती. राजाबाई म्हणाल्या, बाळंतपण होईस्तोवर राहू दे तिला इथंच. शमुवेलनं सासऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आप्पा, तुमचं काय म्हणणं?"

सुवार्तानंही बापाकडे पाहिलं. आता वाचायला पुस्तक नव्हतं, लपायला ओळ नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं.

"बाईमाणसानं नवऱ्याच्या घरी असावं," आप्पा म्हणाले. एवढंच नाही, तिची पिशवी स्वतः उचलून एसटी स्टँडपर्यंत गेले, गाडीत जागा धरून दिली, आणि खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचं स्तोत्र म्हटलं. ती समोर बघत राहिली.

पुढचं लांबवत नाही. मे सरायच्या आत तिच्या पोटात लाथ बसली आणि मूल गेलं. मुलगा होता. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांनी तिला दवाखान्यात नेलं, तिथूनच तिनं पोलिसात तक्रार लिहून दिली. राजाबाई धावत गेल्या, महिनाभर उशाशी बसल्या. बरी झाल्यावर सुवार्ता श्रीपूरलाही गेली नाही आणि सोलापूरलाही आली नाही. दवाखान्यातल्या एका नर्सबाईच्या ओळखीनं सांगोल्याला गेली. तिथं डाळिंबाच्या पॅकिंगच्या शेडमध्ये काम धरलं आणि एक खोली घेतली.

आणि आप्पा? आप्पांनी दोन बुधवार तब्येतीचं कारण सांगितलं. तिसऱ्या बुधवारी ते गेले, आणि देवानं सगळं काढून घेऊन पारखलेल्या ईयोबासारखी परीक्षा कशी असते ते सांगितलं. लोकांनी त्यांचीच कीव केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गिरिजाबाई तेवढ्या सतरंजी न आवरताच उठून घरी गेल्या.

दिवाळीच्या सुमारास कधीतरी ते सांगोल्याला गेले. राजाबाई महिन्याला जात, त्या कधी चला म्हणाल्या नाहीत. एक दिवस आप्पा एकटेच निघाले. शेडमध्ये बायका मांडी घालून डाळिंबं निवडत होत्या. मोठी एका खोक्यात, डागी बाजूला. सुवार्ताची बाही कोपरावर खोचलेली होती. बापाला पाहून ती उठली, हात पुसले, आणि त्यांना बाहेर कडुलिंबाखाली घेऊन गेली. पाणी आणून दिलं. रीतीत कुठं कमी पडली नाही.

या वेळी कोट नव्हता. "मला कळलंच न्हाय गं बाळ," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, तू आपलं स्तोत्र वाचतीस."

सुवार्ता चिडली नाही, रडली नाही. "कळलं हुतं तुमाला, आप्पा," ती म्हणाली. "लोण्याच्या ओळीला मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. कळलं हुतं म्हणूनच तुमी इतकं बोललात."

आप्पा पायांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "घरी चल. तुझी खोली हाय, आई हाय. कुणी काय म्हणणार न्हाय तुला."

"येऊन काय वाचू, आप्पा?" तिनं विचारलं.

शेडमधून कुणीतरी तिला हाक मारली. गाडी आली होती, खोकी भरायची होती. ती उठली, त्यांच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली. आप्पा उठले. मग चालत स्टँडवर आले आणि मिळेल त्या गाडीनं सोलापूरला परतले.

दारात राजाबाई उभ्या होत्या. "भेटली का? काय म्हणाली पोरगी?"

आप्पांनी चपला काढल्या, खांद्यावरचा पंचा खुंटीला लावला.

"काय न्हाय," ते म्हणाले. "बरी हाय म्हणाली."