पुढे सरकवलेलं टायमिंग

आबांची व्हॅन आबांइतकीच जुनी वाटते आणि त्यांच्याइतकीच हट्टी आहे. कार्ब्युरेटरवालं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. लकव्याने आबांचं, माझ्या वडिलांचं, उजवं अंग गेलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं आणि स्टिअरिंग माझ्या हातात आलं. कुंडलहून दर शुक्रवारी मी त्यांना व्यायामासाठी सांगलीला नेते. त्यांना मधल्या सीटवर बसवायला दोन माणसं लागतात, उतरवायलाही दोन.

आमच्याकडे गाडीला ‘पिकअप’ नसेल तर मालकाचीच इज्जत जाते. इलाज सगळ्यांना तोंडपाठ: डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो जरासा फिरवायचा, म्हणजे ठिणगीचं टायमिंग पुढे येतं, ती लवकर पडते आणि गाडी उधळते. चुलतभाऊ म्हणाला, “ताई, टायमिंग वाईच फुडं घे, मग बघ कशी पळतीया.” घेतलं. त्यामुळे इंजिन उभ्या जागी जास्तच फिरायला लागलं, म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू सोडून आयडलिंग खाली आणलं. सकाळी थंड इंजिनावर सगळं झकास होतं.

वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. फाटक पडलं की आपली माणसं रांग लावत नाहीत. दोन्हीकडून अख्खा रस्ता भरून टाकतात आणि उघडलं की एकमेकांच्या तोंडाशी येऊन भिडतात. त्या दिवशी मीही घुसले आणि नेमकी रुळांवर अडकले. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे टेम्पो. तापलेलं इंजिन थरथरलं, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला आणि व्हॅन बंद पडली.

सेल्फ मारला. एक हिसका बसला आणि इंजिनाने उलटी लाथ मारली. टायमिंग फार पुढे असलं की गरम इंजिन असंच करतं, हे आता कळतं. तेव्हा नुसतं परत सेल्फ, परत हिसका. फाटकवाला शिट्ट्या फुंकायला लागला.

फाटक पडल्याशिवाय रेल्वेला सिग्नल मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण भीतीला शहाणपण सांगून कळतं होय? मला पायाखाली रूळ थरथरतायत असं वाटायला लागलं.

“आवं आबा, काय करू?” मी ओरडले.

त्यांचा डावा हात मागून आला आणि माझा खांदा ढकलायला लागला. त्या एका हातात केवढा जोर! एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, “उतर... पळ.”

“आन् तुमी?”

“पळ.”

मला असला राग आला! भीती होतीच, तिच्यावर तो चढला. “गप बसा तुमी!” म्हणून मी खिडकीतून ट्रॅक्टरवाल्यावर किंचाळले, “कडंला घ्या की वं! आत लकव्याचं माणूस हाय!”

ट्रॅक्टर कडेला सरकला. ज्यांनी रस्ता अडवला होता, त्याच मोटारसायकलवाल्यांनी उतरून मागून हात लावले. दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन खोकलं आणि चालू झालं. रूळ ओलांडून बाभळीखाली थांबले. थोड्या वेळाने मागून रेल्वे धडधडत गेली आणि मला उलटी झाली.

गाडी बंद करायची हिंमत होईना. चालू इंजिनावरच शेजारची सीट उचलली, नट सैल केला. डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतला. आवाज खाली आला, आता मरतं की काय म्हणून जीव गोळा झाला, झटकन स्क्रू आवळला. पुन्हा केसभर मागे, पुन्हा स्क्रू. आवाज एकसारखा झाल्यावर नट घट्ट केला, डोळे मिटून चावी बंद केली आणि सेल्फ मारला. एका दमात चालू.

“झालं बगा, आबा,” मी मागे वळले.

आबा रडत होते. मी ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. “पुन्यांदा,” ते म्हणाले. बराच वेळ ओठ नुसते हलले. “पुन्यांदा... उतर.”

पुन्हा असं झालं तर एकटी उतरेन, याला व्हय म्हटल्याशिवाय ते मनगट सोडीनात. मी व्हय म्हटलं. खोटं होतं, आणि ते त्यांनाही कळलं, कारण मनगट त्यांनी तरीही सोडलं नाही.