हळदीच्या व्हिडिओखालची तारीख

माझ्या नणंदेची वर्दीची नोकरी आमच्या चांगुलपणापायी हुकली होती, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगते.

आमच्या शहापूरजवळच्या शेणवे गावाकडे लग्नापेक्षा हळद मोठी. बेंजो लागतो, अख्खा गाव नाचतो आणि दुसऱ्या दिवशी सगळा नाच फोनवर चढतो. त्या व्हिडिओला लाइकचा लाल बदाम दिला नाही, तर घरचे आहेर चुकवल्यासारखं मनाला लावून घेतात. नणंद मनाने मऊ. मुरबाडपासून भिवंडीपर्यंतच्या पाहुण्यांच्या हळदींना तिने इमानेइतबारे बदाम वाटले. ॲपला वाटलं, हिला नाचच हवा. मग ते तिला नाचच दाखवत बसलं.

भरतीच्या कार्यालयाचं पानही त्याच ॲपवर होतं आणि मैदानी चाचणीच्या तारखांचे फेरबदल तिथेच यायचे. तिची तुकडी दोन दिवस अलीकडे घेतल्याची सूचना तिला दिसली ती मैदानाच्या गेटवरून परत येताना, वैशाखरे गावच्या कुठल्याशा हळदीच्या व्हिडिओखाली. वर लिहिलं होतं, चार दिवसांपूर्वी. वर्षभर ती पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावली होती. घरी आल्यावर ती रडली नाही. भांडी घासायला बसली आणि एकच टोप कितीतरी वेळ घासत राहिली. मला तिचा राग आला, ॲपचा आला आणि सगळ्यात जास्त त्या नाचणाऱ्या पाहुण्यांचा.

पुढचं वर्ष तिच्यासाठी शेवटचं होतं. त्यानंतर वयामुळे अर्जच भरता येणार नव्हता.

मी शहापुरात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. कॉलेजात असताना मी मराठी ब्लॉग फीडने वाचायचे, ते मला त्या दिवसांत आठवलं. फीड म्हणजे रतीब. ज्याचा लावाल त्याचंच दूध येणार, आलं त्या क्रमाने. नको असलेला माल कुणी दारात आणून ओतत नाही. म्हटलं, कार्यालयाच्या पानाचा रतीब लावता आला तर?

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या मागे लागले. पानाचा पत्ता घ्यायचा, पानांची फीड बनवून देणाऱ्या साइटवर टाकायचा आणि तिथून मिळेल तो पत्ता फीड वाचायच्या ॲपमध्ये भरायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या साइटने काहीच दिलं नाही, दुसरीने शिळंच दिलं, तिसरीने आठवडाभर दिलं आणि मान टाकली. चौथी चालली. मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले. मग घरी येऊन नणंदेच्या फोनवरून ते नाचाचं ॲप काढलं आणि तिच्या न् माझ्या दोघींच्या फोनवर हे नवं बसवलं. आत एकच पान. ना बदाम, ना बेंजो.

बदाम बंद झाले तशी पाहुण्यांत कुरकुर सुरू झाली. एका लग्नात मावससासूने मला मांडवातच गाठलं आणि विचारलं, आमची हळद गोड नाय लागली का गो? मी म्हटलं, लागली, म्हणून तर पोट भरलं. घरात सासरेही माझ्या बाजूने नव्हते. ज्या ॲपात काही हलत नाही ते बिघडलेलंच असणार, असं त्यांचं ठाम मत.

महिनाभर खरंच काही हललं नाही. मग एका सकाळी आम्ही सगळे खळ्यावर भात झोडत असताना माझा फोन वाजला. तिची तुकडी पाच दिवस अलीकडे घेतली होती. चाचणी परवा सकाळीच. सूचना टाकून वीस मिनिटंही झाली नव्हती. सासरे म्हणाले, उमेदवारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं नाही म्हणजे खोटं असेल. मी कार्यालयाला फोन लावत राहिले. पाचव्यांदा कुणीतरी उचलला. तारीख खरी होती.

नणंदेने हातातली पेंढी खाली ठेवली, फोन घेतला आणि तीच तारीख ग्रुपवर लिहायला लागली. तिच्या तुकडीत मुरबाडच्या चौघी होत्या, तिच्याइतक्याच तयारीच्या. मी तिचा हात धरला. जागा थोड्या आहेत, ज्यांना कळलं त्या येतील, बाकीच्यांचं नशीब, असं मी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

"गेल्या साली मी गेटवरून परत आले, वहिनी," ती म्हणाली. "तसं कुणाला नाय पाठवायचं."

ग्रुपवर लिहून वर तिने त्या चौघींना वेगळे फोनही केले.

मैदानावर मी कुंपणाबाहेर उभी होते. तिचा नंबर पुकारला, तिने हजर म्हटलं. धावणं अजून व्हायचं होतं, तरी मला अर्धी लढाई तिथेच जिंकल्यासारखं वाटलं. मग ती धावली, आणि काय धावली! चौघींतली एक शेवटी तिच्या पुढे गेली, तेव्हा मी त्या पोरीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. नणंद दुसरी आली.

निवड यादीही फीडवरच आली. मी दुकानात होते. तिला फोन लावून तिचा नंबर एकेक आकडा करत वाचला. मागून सासऱ्यांचा आवाज आला, परत वाचायला सांग. मी दणदणीत आवाजात परत वाचला, समोरचं गिऱ्हाईक बघत राहिलं.

मग ती म्हणाली, "आता त्या चौघींचे नंबर बघ ना."

तिने नंबर सांगितले, तिघींचे लगेच सापडले. चौथीचा सापडेना. मी यादी वरून खाली, खालून वर, बोट ठेवून वाचली. कुणाच्या हातापाया पडून मागावं तशी मी तो नंबर मागत होते. तो प्रतीक्षा यादीत होता, सगळ्यात वर. नणंदेचा वाचताना मी ठणठणीत होते. हा वाचताना मला रडू आलं.